आधी "काय?" आणि मग लगेच उत्तर: ऐकलेला आवाज डोक्यात किती वेळ टिकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात कोणी काही विचारलं की तोंडून आधी "काय?" निघतं आणि समोरच्याने पुन्हा सांगायच्या आतच तो काय म्हणाला ते कळतं. फोनवर सांगितलेल्या नंबरचे आकडे लिहिता लिहिता निसटतात. आठवीतल्या मुलाला "मी आत्ता काय म्हटलं?" असं विचारलं तर तो शब्दन् शब्द सांगतो, पण काम करत नाही. आणि सत्तरीतले सासरे दर वाक्याला "काय?" म्हणतात. हे सगळं एकच आहे का, आणि यातलं काळजी करण्यासारखं काय?

पहिल्या तीन गोष्टींच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे. चौथीचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडे असतं, पण तिचाही या यंत्रणेशी संबंध येतो, म्हणून ती शेवटी घेतली आहे.

लिहिलेली ओळ समोरच राहते, डोळा मागे जाऊन ती पुन्हा वाचू शकतो. बोललेल्या शब्दाचं तसं नसतं. "भाकरी" म्हणताना "री" कानावर पडते तेव्हा "भा" संपून गेलेला असतो. साधारण बोलण्यात सेकंदाला चार ते सहा अक्षरं जातात. त्यातही प, त, क यांसारख्या व्यंजनाचा स्फोट जेमतेम दहा-वीस मिलिसेकंदांचा असतो. इतके बारीक तुकडे जोडून शब्द ओळखायचा तर आधीचा तुकडा कुठेतरी जसाच्या तसा धरून ठेवावाच लागतो. समजा कोणी म्हणालं, "...ात शिजला" आणि पहिल्या व्यंजनावर कुकरची शिट्टी आली. तुम्ही "भात" ऐकता. "...ात दुखतोय" असेल तर "दात" किंवा "हात" ऐकता. कोणतं व्यंजन होतं हे ठरवणारा शब्द नंतर आला, तरी ते आधीच ऐकू आल्यासारखं वाटतं. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्यातला एक ध्वनी कापून त्या जागी खोकला घातला होता. वीसपैकी एकोणीस जणांनी सांगितलं की वाक्यातलं काहीच गळलेलं नाही.

हा कच्चा आवाज धरून ठेवणाऱ्या साठ्याला उलरिक नायसर यांनी १९६७ मध्ये "एकोइक मेमरी" हे नाव दिलं. तो साठा कानात नसतो. कानातल्या कॉक्लियाची (आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाची) हालचाल काही मिलिसेकंदांत थांबते. ठसा उरतो तो कानाच्या वरच्या बाजूला, कानशिलाच्या आत असलेल्या मेंदूच्या श्रवण-भागात. त्याच्यासाठी लक्ष द्यावं लागत नाही, तो आपोआप उमटतो. त्यात अर्थ नसतो, फक्त आवाज असतो: पट्टी, पोत, कोणाचा गळा, कोणत्या बाजूने आला. आणि तो थोडाच वेळ राहतो.

"काय?" म्हणताना नेमकं हेच घडतं. तुमचं लक्ष मोबाईलवर आहे. मागून प्रश्न येतो, त्याचा ठसा उमटतो, पण त्याचा अर्थ लावायला कोणी मोकळं नसतं. कोणीतरी आपल्याशी बोललं एवढंच कळतं आणि सवयीने "काय?" निघतं. त्याच वेळी लक्ष मोबाईलवरून सुटून त्या ठशाकडे वळतं. ठसा अजून ताजा असतो, त्यामुळे वाक्य जणू पुन्हा ऐकू येतं. यात बहिरेपणा नाही की विसरभोळेपणाही नाही, उलट यंत्रणा ठीक चालल्याची ही खूण आहे. तुम्ही स्वतःच "काय?" हा आवाज काढता, त्याने ठसा थोडा बिघडतो, तरी प्रश्न छोटा असल्यामुळे पुरेसं उरतं. लांब वाक्याच्या बाबतीत मात्र त्याचा शेवटचा भागच हाती लागतो.

किती वेळ टिकतो? पाठ्यपुस्तकांत "तीन ते चार सेकंद" असं छापलेलं असतं. हा आकडा मुख्यतः डार्विन, टर्वी आणि क्राउडर यांच्या १९७२ च्या प्रयोगातून आला. त्यांनी हेडफोनमधून डावीकडून, उजवीकडून आणि मधून असे तीन आवाज एकाच वेळी ऐकवले, प्रत्येकात तीन अक्षरं किंवा आकडे. सगळे नऊ सांगा म्हटलं तर लोकांना चार-पाचच सांगता येत. पण आवाज संपल्यावर खूण करून "फक्त डावीकडचे सांगा" म्हटलं तर त्या बाजूचे जास्त चांगले सांगता येत. म्हणजे नऊही क्षणभर उपलब्ध होते. खूण जितकी उशिरा यावी तितका हा फायदा घटत जाई आणि चार सेकंदांच्या सुमारास तो संपला. दृष्टीसाठी असाच प्रयोग जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये केला होता. तिथे हा फायदा सेकंदभराच्या आतच संपतो. त्या मानाने कान बराच वेळ धरून ठेवतो.

पण "चार सेकंद" ही ठोस मुदत समजू नका. नेल्सन कोवन यांनी १९८४ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र तपासून साठ्याचे दोन टप्पे मांडले. पहिला सुमारे पाव सेकंदाचा, ज्यात आवाज अजून चालू असल्यासारखाच भासतो. दुसरा काही सेकंदांपासून दहा-वीस सेकंदांपर्यंतचा, ज्यात आवाज "आत्ता होऊन गेला" असा आठवतो. किती टिकला हे तुम्ही ठशाकडे काय मागता यावर ठरतं. आवाज झाला की नाही एवढंच हवं असेल तर बराच वेळ मिळतो. त्यातला नेमका शब्द हवा असेल तर दोन-चार सेकंद. आणि एखादं बारीक व्यंजन हवं असेल तर त्याहूनही कमी.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे आणि रोजच्या व्यवहारात तीच उपयोगी पडते: ठसा वेळेने जितका पुसट होतो त्याहून कितीतरी जास्त तो पुढच्या आवाजाने पुसला जातो. पाटीवर एकाच जागी दुसरं अक्षर लिहिलं की पहिलं वाचता येत नाही, तसं. डॉमिनिक मॅसारो यांनी १९७० मध्ये २० मिलिसेकंदांचा बारीकसा सूर वाजवून लगेच दुसरा आवाज वाजवला. मध्ये पाव सेकंदापेक्षा कमी अंतर असलं की पहिला सूर उंच होता की खालचा हे लोकांना नीट सांगता येईना. अंतर पाव सेकंदापर्यंत वाढवलं की ओळख सुधारे, त्यापुढे विशेष फरक पडत नसे. म्हणजे आवाज ओळखायला मेंदूला सुमारे पाव सेकंद निवांत लागतो.

घुमणाऱ्या खोलीत बोलणं का कळत नाही याचं उत्तरही इथेच आहे. भिंतीवर आपटून तीस-चाळीस मिलिसेकंदांत परत आलेला आवाज मूळ आवाजातच मिसळतो आणि उलट मदतच करतो. त्याहून बऱ्याच उशिरा परतणारा आवाज पुढच्या अक्षरावर पडतो. उंच छत, लादी, काचेच्या खिडक्या असलेल्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात माईकचा आवाज वाढवून काही होत नाही, कारण घुमणारा आवाजही त्याच प्रमाणात वाढतो. रिकाम्या वर्गात आवाज विरायला लागणारा वेळ ०.६ सेकंदाच्या आत असावा, असं शाळांसाठीचं अमेरिकी मानक सांगतं. इथे पडदे, मागच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड आणि बोलणाऱ्याने वाक्यांमध्ये घेतलेला विराम यांचा उपयोग जास्त होतो.

आता फोन नंबर. यात दोन साठे एकामागोमाग काम करतात. कच्चा ठसा हा एक. दुसरा म्हणजे मनातल्या मनात आकडे पुटपुटत राहणं. हा पुटपुटण्याचा साठा सुमारे दोन सेकंदांत जेवढं म्हणता येईल तेवढंच धरतो, असं बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं. दहा आकडी मोबाईल नंबर त्यात एका दमात मावत नाही. म्हणून पहिले आकडे तुम्ही पुटपुटून जपता आणि शेवटचा एखाद-दुसरा आकडा कच्च्या ठशाच्या भरवशावर असतो. एरवी ऐकलेल्या यादीतला शेवटचा आकडा जवळपास चुकत नाही, आणि वाचलेल्या यादीच्या तुलनेत हा फायदा स्पष्ट दिसतो. अडचण येते ती सांगणाऱ्याने पुढे काही बोललं की. क्राउडर आणि मॉर्टन यांनी १९६९ मध्ये हे मांडलं: यादीनंतर एक निरर्थक शब्द जरी आला, त्याकडे दुर्लक्ष करा असं आधी सांगितलेलं असलं, तरी शेवटच्या आकड्याच्या चुका एकदम वाढतात. त्याच जागी बझर वाजवला तर तसं होत नाही. तोच शब्द वेगळ्या गळ्यातून किंवा वेगळ्या दिशेने आला तर नुकसान कमी होतं. आणि तो दोनेक सेकंद उशिरा आला तर फारसं होतच नाही.

आता आपण फोनवर नंबर कसा सांगतो ते पाहा: "...चार, सात, आठ. हां? घेतला का?" तो "हां?" शेवटच्या आठावर जाऊन बसतो. ऐकणाऱ्याने स्वतः "हो हो" म्हटलं तरी तेच होतं.

हे घरी तपासून पाहता येतं. आठ-आठ आकड्यांच्या वीस याद्या आधीच कागदावर लिहून ठेवा. आकडे उलटसुलट असावेत, ओळीने येणारे किंवा जोडीचे नकोत. सपाट आवाजात सेकंदाला एक या गतीने वाचा. दहा याद्यांनंतर लगेच, त्याच तालात "सांग" म्हणा. उरलेल्या दहांनंतर तोंडाने काहीच न बोलता पेन्सिलीने टेबलावर टक् करा. दोन्ही प्रकार मिसळून घ्या. ऐकणाऱ्याने पहिल्या आकड्यापासून क्रमाने लिहायचं. शेवटचा आकडा किती वेळा चुकला ते दोन्ही प्रकारांत मोजा. "सांग" असलेल्या याद्यांत चुका जास्त यायला हव्यात. फरक दिसला नाही तर कारणं सहसा तीन असतात: ऐकणारा शेवटचा आकडा आधी लिहून टाकतो, वाचणारा शेवटच्या आकड्यावर आवाज खाली टाकून "संपलं" असं सुचवतो, किंवा "सांग" म्हणायच्या आधी नकळत थांबतो. यादी सहा आकड्यांचीच असेल तर ती सगळी पुटपुटण्यात मावते आणि मग काहीच दिसत नाही.

यावरून नंबर सांगायची रीत ठरते. दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत सांगा, आणि पहिल्या गटानंतर समोरच्याला ते लिहू द्या. प्रत्येक गटानंतर दोन सेकंद पूर्ण गप्प राहा, "ओके", "हां", "बरोबर?" काही नको. पडताळणी समोरच्याने म्हणून दाखवावी, तुम्ही त्याच्या बोलण्यावर बोलू नका. सहा आकडी क्रमांक तीन-तीनमध्ये सांगावा. (बँकेचा ओटीपी मात्र फोनवर कोणालाच सांगायचा नसतो.) मराठीत जोडीने आकडे सांगायची सवय असेल तर जरा जपून: सदुसष्ट आणि अडुसष्ट, त्रेपन्न आणि चोपन्न यांचा शेवट एकसारखा आहे, आणि फरक ज्या सुरुवातीत आहे ती लगेच झाकली जाते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचं उलट आहे, सुरुवात एकच आणि शेवट वेगळा. एकेक आकडा सुटा सांगणं जास्त सुरक्षित. सुट्या आकड्यांतही "सात" आणि "आठ" यांचा घोळ गोंगाटात होतो, दोन्हींत लांब "आ" आहे आणि तोच ऐकू येतो.

हा "आ" उरतो आणि व्यंजन जातं, याला कारण आहे. कच्च्या ठशात स्वर चांगले टिकतात, स्फोटक व्यंजनं जवळजवळ टिकतच नाहीत. क्राउडर यांनी १९७१ मध्ये फक्त व्यंजनात फरक असलेल्या अक्षरांच्या याद्या ऐकवल्या तेव्हा शेवटच्या अक्षराला मिळणारा नेहमीचा फायदा दिसलाच नाही. स्वरात फरक असलेल्या याद्यांत तो दिसला. इंग्रजी अक्षरं फोनवर सांगताना याचा फटका बसतो. बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही या सगळ्यांचा शेवट "ई". क्षणभराने ठशात "ई" एवढंच उरतं आणि कोणतं अक्षर होतं त्याचा अंदाज करावा लागतो. आर. कॉनराड यांनी १९६४ मध्ये दाखवलं की लोक अक्षरं नुसती वाचून आठवत असले तरी चुका अशाच सारख्या आवाजाच्या अक्षरांत होतात, कारण आपण ती मनात म्हणतो. त्यात फोनची भर पडते. साध्या फोन कॉलमध्ये सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, आणि "एस" व "एफ" यांतला फरक मुख्यतः त्याच्या वर असतो. म्हणून ती दोन अक्षरं फोनवर कानाने वेगळी करणं फार कठीण जातं, कितीही जोरात सांगा.

पॅन क्रमांकात पाच अक्षरं, चार आकडे आणि शेवटी पुन्हा एक अक्षर असतं. म्हणजे सगळ्यात घोळाची गोष्ट नेमकी शेवटी. ते अक्षर "डी, दिल्लीचा डी" असंच सांगा आणि गप्प राहा. आयएफएससी कोडमध्ये अकरा खुणा असतात. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवा नेहमी शून्य. लिहून घेणाऱ्याने तो शून्य आधीच मांडून ठेवला की एक खूण लक्षात ठेवायची वाचते, आणि "ओ" की "शून्य" हा प्रश्नही उरत नाही.

कुकरच्या शिट्ट्यांचाही हाच हिशोब आहे. "आत्ता शिट्टी झाली का?" असं लगेच विचारलं तर लक्ष नसतानाही सांगता येतं. "किती झाल्या?" हे सांगता येत नाही, कारण मोजायला प्रत्येक शिट्टीच्या वेळी लक्ष लागतं, आणि पहिली शिट्टी ठशातून केव्हाच गेलेली असते. देवळातली किंवा भिंतीवरच्या घड्याळाची टोलांची घंटा मात्र मागाहून मोजता येते. टोल सेकंद-दीड सेकंदाच्या अंतराने पडतात, त्यामुळे शेवटचे दोन-तीन ठशात सापडतात. दहा वाजले असतील तर पहिले सात लक्ष नसताना गेलेच.

लक्ष नसतानाही मेंदू आवाज तपासत राहतो याचा थेट पुरावा फिनलंडच्या रिस्टो नाटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दिला. एकसारखे "टुक् टुक् टुक्" चालू असताना मध्येच एक वेगळा आला की दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांत डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमध्ये एक ठरावीक लहर दिसते. माणूस पुस्तक वाचत असला तरी दिसते. झोपलेल्या तान्ह्या बाळातही ती नोंदवता येते. ही लहर यायची तर आधीच्या आवाजाची नोंद शिल्लक असायला हवी, आणि निरोगी तरुणांत दोन आवाजांमध्ये दहा सेकंदांच्या आसपास अंतर ठेवलं तरी ती मिळाल्याच्या नोंदी आहेत. फ्रिजची घरघर ऐकू येत नाही पण ती थांबली की लगेच जाणवतं, स्कूटरच्या इंजिनाचा आवाज बदलला की बोलता बोलता कान टवकारतात, हे याच तपासणीचं काम.

पण या तपासणीकडून फार अपेक्षा ठेवू नका. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये एका कानात एक आणि दुसऱ्यात दुसरं बोलणं ऐकवून पहिलं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला हे लोकांनी टिपलं. इंग्रजी जाऊन जर्मन सुरू झालं हे टिपलं नाही. स्वतःचं नाव त्या दुसऱ्या कानात आलं तर सुमारे एक तृतीयांश लोकांनाच ते कळतं, हे नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. "नाव घेतलं की माणूस वळतोच" ही समजूत म्हणून खोटी ठरते. नावाला ओ दिली नाही म्हणून कोणी मुद्दाम दुर्लक्ष करतं असंही नाही.

मुलाकडे येऊ. "मी आत्ता काय म्हटलं?" ही परीक्षा घरोघरी आणि वर्गावर्गात घेतली जाते, आणि ती चुकीची परीक्षा आहे. लक्ष नसलेल्या कानाला ऐकवलेले आकडे लगेच विचारले तर काही प्रमाणात सांगता येतात, पाच सेकंदांच्या आसपास उशीर केला तर जवळपास येत नाहीत, हे १९७० च्या सुमारास प्रयोगांत दिसलं होतं. तुमचा मुलगा तेच करतो. तो ठशातले शब्द वाचून दाखवतो. खोटं बोलत नाही आणि ऐकतही नव्हता. लक्ष होतं का हे पाहायचं असेल तर शेवटचं वाक्य विचारू नका, त्याच्या आधीचं विचारा, किंवा आठ-दहा सेकंद दुसरं काही बोलून मग विचारा. त्याहून चांगलं म्हणजे त्याच्या शब्दांत सांगायला लावणं: "मग आता तू आधी काय करणार?" शब्दांची पोपटपंची ठशातून येते, अर्थ तिथून येत नाही.

सूचना देताना आधी त्याच्या नजरेसमोर जा, नाव घ्या, तो वळेपर्यंत सेकंदभर थांबा आणि मग एकच काम सांगा. "जेवून घे, दप्तर भर, वरच्या काकूंना डबा देऊन ये आणि येताना दूध आण" यातलं दूध हाती लागतं, बाकीचं नाही. एवढं करूनही तो शांत खोलीत, समोरासमोर सांगितलेलं पुन्हा पुन्हा चुकीचं ऐकत असेल, सारख्या आवाजाच्या शब्दांची अदलाबदल करत असेल, किंवा सर्दीनंतर टीव्हीचा आवाज वाढवू लागला असेल, तर लक्षाबद्दल बोलण्याआधी कान तपासा. लहान मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं हे फार नेहमीचं कारण आहे. त्यात दुखतही नाही, त्यामुळे ते कळत नाही.

गाणं शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. सुराची ठेव शब्दांच्या ठेवीपेक्षा वेगळी असते. डायना डॉइच यांनी १९७० मध्ये एक सूर ऐकवून पाच सेकंदांनी दुसरा ऐकवला आणि दोन्ही एकच का ते विचारलं. मधल्या वेळेत आकडे बोलून दाखवले तर चुका अगदी थोड्या झाल्या. मधल्या वेळेत दुसरे सूर वाजवले तर सुमारे बत्तीस टक्के झाल्या, तेही त्या सुरांकडे दुर्लक्ष करा असं सांगितलेलं असताना. म्हणून तानपुरा लावताना एक तार जुळवत असताना मध्ये दुसऱ्या तारा छेडू नयेत. पेटीवर हवा तो स्वर धरून ठेवून थेट त्याच्याशीच जुळवावं. बाजूला कोणी बोललं तर तितकं बिघडत नाही, बाजूला कोणी गुणगुणलं तर नक्की बिघडतं.

आता तुमचे सासरे. "काय?" चार प्रकारचं असतं आणि कोणतं ते घरीच बरंचसं ओळखता येतं. "काय?" म्हणून सेकंद-दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देत असतील तर ठसा उमटला होता, लक्ष दुसरीकडे होतं. जोरात बोलल्यावरच कळत असेल तर ठसाच नीट उमटलेला नाही, म्हणजे कान. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, विशेषतः पंखा, टीव्ही किंवा चार माणसं असताना, असं असेल तर तेही बहुतेक कानच. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात: स, श, फ, त, क यांचे. स्वर ऐकू येतात, त्यामुळे "ऐकू येतं पण कळत नाही" असं ते प्रामाणिकपणे सांगतात. आणि नीट ऐकून, उत्तर देऊन, दहा मिनिटांनी तोच प्रश्न विचारत असतील तर ती कच्च्या ठशाची गोष्ट नाही. तिथे स्मरणशक्तीची तपासणी हवी.

पहिल्या तिन्ही प्रकारांत घरचे एक चूक हमखास करतात. "काय?" ऐकताच तेच वाक्य लगेच, मोठ्याने, पुन्हा सुरू करतात. सासरे आधीचा ठसा उलगडत असतात, तुमचं नवं वाक्य तो पुसतं, आणि ते पुन्हा "काय?" म्हणतात. दोन सेकंद थांबा. उत्तर आलं नाही तर वाक्य बदलून, महत्त्वाचा शब्द सुटा करून सांगा: "डॉक्टर. उद्या. अकराला." ओरडू नका. ज्यांचं श्रवण कमी झालं आहे त्यांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा मात्र तेवढाच मोठा, कधी कधी त्रासदायक वाटतो. ओरडण्याने स्वर फुगतात आणि व्यंजनं त्याखाली दडपली जातात. मीटरभर अंतरावर, चेहऱ्यावर उजेड असताना, टीव्ही बंद करून बोला.

कमी ऐकू येण्याचा स्मरणावरही परिणाम होतो. पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये दाखवलं की यादीचा उत्तरार्ध गोंगाटात ऐकवला तर शांततेत ऐकलेला पूर्वार्धही कमी आठवतो. अस्पष्ट आवाज जुळवण्यात मेंदू गुंतला की आधीचं जपायला उसंत राहत नाही. म्हणून "बाबा हल्ली विसरतात" असं वाटलं तरी स्मरणशक्तीच्या चाचणीआधी श्रवणाची चाचणी करून घ्यावी. नाहीतर ज्या सूचना त्यांना नीट ऐकूच आल्या नाहीत त्यांचे गुण स्मरणशक्तीच्या खात्यात कापले जातात.

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून मळ बघून काढून घ्या. इयरबड किंवा काडी घालू नका, मळ आत ढकलला जातो. मग भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडे २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतची शुद्ध-सुरांची चाचणी आणि त्याच बैठकीत शब्द ओळखण्याची चाचणी करा. शब्द मराठीतले असावेत असा आग्रह धरा. हिंदी-इंग्रजी शब्दयादीत परक्या भाषेमुळे झालेली चूक कानाच्या नावावर जाते. गोंगाटात बोलणं ओळखण्याची चाचणी उपलब्ध असेल तर तीही मागा, कारण तक्रार बहुतेक तिथलीच असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या चाचण्या होतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही चौकशी करा. जाताना घरातलं एक माणूस सोबत असावं आणि त्यांनी आठवडाभरातले दहा-बारा "काय?" लिहून न्यावेत: कोण बोललं, किती अंतरावरून, मागे कोणता आवाज होता, आणि दुसऱ्यांदा सांगताना काय बदललं म्हणून कळलं. नुसत्या "ऐकू येत नाही" या वाक्यापेक्षा हा कागद चाचणी करणाऱ्याला जास्त सांगतो. एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक कमी झालं असेल तर मात्र कागद करत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, तिथे उपचाराला उशीर झाला की श्रवण परत येण्याची शक्यता घटते.